किशोरवयीन नात्यांतल्या हिंसेवर बोलायला जाताय? भाषण सगळ्यात शेवटी लिहा

या विषयावर बोलायला स्वयंसेवक म्हणून पुढे येणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून स्लाइड्स करायला बसतात. आठ-दहा दिवसांत त्या छान तयार होतात. एखादी शाळा किंवा क्लब बोलावतो, भाषण रंगतं, टाळ्या पडतात. मग सभागृह रिकामं होत असताना एक मुलगी विसरलेली बाटली शोधायच्या निमित्ताने मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, "एक विचारू?" वक्त्याची तयारी नेमकी तिथे संपलेली असते.

माझ्या दुसऱ्याच कार्यक्रमात हे झालं. मुलगी म्हणाली, "आधी कुणाला सांगणार नाही असं म्हणा." मी पटकन "नाही सांगणार" म्हणून बसले. पुढच्या पाच मिनिटांत तिने जे सांगितलं ते पोटात ठेवण्यासारखं नव्हतं. मला शब्द मोडावा लागला, आणि मोठ्यांवरचा तिचा उरलासुरला विश्वासही माझ्यामुळे गेला. म्हणून पुढचा क्रम उलटा वाटला तरी तसाच पाळा: आधी त्या शेवटच्या दहा मिनिटांची सोय, मग संस्थेशी बोलणी, मग मजकूर.

## टप्पा १ : आधी स्वतःची चाचपणी

तुम्ही स्वतः अशा नात्यातून बाहेर पडला असाल, तर ती गोष्ट सांगायची की नाही हे आत्ताच ठरवा, मंचावर नव्हे. माझी कसोटी साधी आहे: ती गोष्ट एका मित्राला आणि एका परक्या माणसाला सांगून पाहा. दोन्ही वेळा त्या रात्री झोप नीट लागली, तर ती सांगण्याजोगी झाली आहे. ऐकणाऱ्या मुलांनाच तुम्हाला सावरावं लागणार असेल, तर अजून थांबा.

स्वतःचा अनुभव नसेल तर काही अडत नाही. दुसऱ्या कुणाचा अनुभव मात्र उचलू नका. नाव बदललं, गाव बदललं, तरी ज्याची गोष्ट आहे तो आणि त्याचे मित्र ती ओळखतात.

## टप्पा २ : एकट्याने जाऊ नका

या विषयावर किंवा मुलांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेमार्फतच जा. कारण तुमच्या मागे प्रशिक्षण, समुपदेशक आणि चुकलंच तर सावरणारं कुणीतरी असायला हवं. संस्था तुमची ओळख आणि पार्श्वभूमी तपासेल, संदर्भ मागेल. त्याचा राग मानू नका. अल्पवयीन मुलांपर्यंत कुणालाही तपासल्याशिवाय जाऊ देणारी संस्था हीच खरं तर काळजीची गोष्ट आहे.

प्रशिक्षणात एक गोष्ट आवर्जून विचारून घ्या. तुम्ही जिथे बोलणार आहात तिथल्या कायद्यानुसार, अल्पवयीन मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कुणाला, किती वेळात कळवणं बंधनकारक आहे? स्वयंसेवकावरही ते बंधन आहे का? हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. ऐकीव माहितीवर जाऊ नका, लेखी घ्या.

## टप्पा ३ : सोपवण्याची साखळी बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "कुणी मूल बोललं तर समुपदेशकाकडे पाठवू" एवढ्याने साखळी होत नाही. कागदावर हे उतरलेलं हवं:

- त्या दिवशी इमारतीत प्रत्यक्ष हजर असणारी जबाबदार व्यक्ती कोण, आणि ती नसेल तर दुसरी कोण;
- दार बंद करून बोलता येईल अशी कोणती खोली, तिची किल्ली कुणाकडे;
- तातडीचा धोका असेल तर पहिला फोन कुणाला;
- ज्याच्याबद्दल तक्रार आहे ती व्यक्ती त्याच संस्थेतली असेल, मग ती विद्यार्थी असो वा शिक्षक, तर कुणाकडे जायचं.

शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. तो विचारला की समोरचे मुख्याध्यापक जरा आखडतात. तरी विचाराच.

हेल्पलाइनचा क्रमांक सांगणार असाल, तर आदल्या दिवशी स्वतः फोन लावून पाहा. उचलतात का, कुठल्या भाषेत बोलतात, रात्री चालू असते का, अल्पवयीन मुलाला पालकांशिवाय बोलू देतात का, हे सगळं विचारा. बंद पडलेला क्रमांक मुलांच्या हातात देण्यापेक्षा क्रमांक न दिलेला परवडला, कारण धीर गोळा करून एकदा केलेला फोन लागला नाही, तर दुसऱ्यांदा तो सहसा केला जात नाही.

इशारा : "मारहाण होत असेल तर फोन करा" असं छापलेलं वेगळं कार्ड वाटू नका. पाळत ठेवणारा जोडीदार दप्तर आणि मोबाईलचं कव्हर दोन्ही तपासतो. क्रमांक बुकमार्कवर किंवा वेळापत्रकाच्या मागे, अभ्यासाच्या ताणापासून सगळ्या अडचणींच्या क्रमांकांबरोबर छापा आणि प्रत्येकाला द्या. सगळ्यांकडे असलेली वस्तू कुणालाच उघडं पाडत नाही.

## टप्पा ४ : संस्थेशी बोलणी

बोलावणाऱ्यांना बहुतेक वेळा एकच हवं असतं: मोठं सभागृह, चारशे मुलं, पाऊण तास, फोटो. इथे नम्रपणे पण ठामपणे अडून बसा.

एका भाषणाने मुलांचं वागणं बदलत नाही, हे आधी स्वतः मान्य करा आणि त्यांनाही सांगा. परिणाम दिसलेले कार्यक्रम लांब पल्ल्याचे आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९९०च्या दशकात १४ शाळांमध्ये तपासलेल्या 'सेफ डेट्स'मध्ये १० सत्रं होती. कॅनडातल्या ओंटारिओत २० शाळांमध्ये तपासलेला 'फोर्थ आर' २१ तासिकांचा होता आणि तो शिक्षकांनीच वर्गात घेतला. 'कोचिंग बॉइज इन्टू मेन'मध्ये खेळाचे प्रशिक्षक संपूर्ण हंगामभर दर आठवड्याला मुलांशी १० ते १५ मिनिटं बोलतात.

मग तुमच्या पाऊण तासाचं काम काय? मुलांना नेमके शब्द देणं, मदतीचं दार कुठे आहे ते दाखवणं आणि संस्थेला पुढच्या सत्रांसाठी तयार करणं. एवढं झालं तरी पुष्कळ. त्यासाठी या अटी घाला:

१. एका वेळी एका वर्गाएवढीच मुलं. तेरा वर्षांची आणि अठरा वर्षांची एकत्र नकोत.
२. दिवसाची शेवटची तासिका नको, सुट्टीच्या आदला दिवस नको. ऐकून हललेलं मूल थेट घरी जातं, आणि समुपदेशकही तोवर निघून गेलेले असतात.
३. शिक्षकांशी आधी अर्धा तास बोलणं. मुलं तुमच्याकडे एकदा येतील, त्यांच्याकडे रोज.
४. विषयाची पूर्वसूचना. नको असेल त्याला कारण न देता बाहेर बसता आलं पाहिजे.
५. फोटो काढायचे तर फक्त वक्त्याचे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा चेहरा कुठेही जाता कामा नये.

तपासा : समुपदेशक त्या दिवशी रजेवर आहे असं कळलं तर? तारीख बदला. "या वेळी चालवून घेऊ" म्हणू नका.

## टप्पा ५ : आता मजकूर

आता लॅपटॉप उघडा.

पहिली गोष्ट, आकडे. एक पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, नात्यात असलेल्या किंवा राहिलेल्या १५ ते १९ वयोगटातल्या मुलींपैकी २४ टक्के मुलींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. हा आकडा सांगा आणि त्याला भाषांतराची जोड द्या: साधारण चौघींत एक. त्याच्यापुढे तक्ते लावत बसलात, तर मुलं खिडकीबाहेर बघू लागतात.

दुसरी गोष्ट, "हिंसा" हा शब्द. तो ऐकला की मुलांच्या डोळ्यांसमोर थप्पड येते आणि "आमच्यात तसलं काही नाही" म्हणून ती निश्चिंत होतात. म्हणून व्याख्येपासून सुरुवात करू नका. एक प्रसंग घ्या आणि तो पायरीपायरीने चढवा:

सुरुवातीला तो म्हणतो, "घरी पोचलीस की मेसेज कर." छान वाटतं. मग, "लोकेशन चालू ठेव, मला काळजी वाटते." मग, "दहा मिनिटं लोकेशन हललं नाही, कुणाबरोबर होतीस?" मग, "लपवण्यासारखं काही नाही ना, मग पासवर्ड दे." मग तिच्या फोनवरून तोच तिच्या मित्रांना ब्लॉक करतो. मग, "सोडून गेलीस तर तुझे फोटो सगळ्यांना पाठवीन." मग, "तू गेलीस तर मी जीव देईन."

प्रत्येक पायरीवर थांबून विचारा, "इथे काही खटकलं का?" वर्गात मतभेद होतात, आणि तेच हवं असतं. पासवर्डच्या पायरीवर हमखास दोन तट पडतात. उत्तर देण्याची घाई करू नका. नंतर एकच प्रश्न टाका: "या पायरीवर ती 'नाही' म्हणाली असती, तर पुढे काय झालं असतं?" नाही म्हणायची भीती वाटते का, ही खूण मुलं घरी घेऊन जातात. संमतीची पाठ केलेली व्याख्या सभागृहातच राहते.

मग हाच प्रसंग उलटा करून सांगा: पाळत ठेवणारी मुलगी, सोसणारा मुलगा, दोघी मुली, दोघे मुलगे. मुलग्यांनाही हे सोसावं लागतं, आणि त्यांनी सांगितलं की हसण्यावारी नेलं जातं. मुलींना गंभीर दुखापत आणि लैंगिक हिंसा जास्त सोसावी लागते, हेही न लपवता सांगा. दोन्ही एकाच दमात म्हणता येतं.

शेवटच्या दोन पायऱ्यांवर मात्र सल्ला नेमका हवा.

फोटोच्या धमकीबद्दल: पैसे किंवा आणखी फोटो देऊ नका, धमकीचे मेसेज पुसू नका, विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखवा. आधी विश्वासाने स्वतःचे फोटो पाठवलेल्या मुलाला किंवा मुलीला दोष देणारं एकही वाक्य बोलू नका. तुमच्यासमोर तीच मुलगी बसलेली असू शकते.

जीव देण्याच्या धमकीबद्दल: ती खरी असू शकते आणि अडकवून ठेवण्याचं साधनही असू शकते. मुलांनी यातलं काय ते ओळखायला जायचं नाही. लगेच मोठ्यांना सांगायचं. नात्यात टिकून राहून दुसऱ्याचा जीव सांभाळणं सोळा वर्षांच्या कुणाचंही काम नव्हे.

आणि ब्रेकअप. "सोडून दे की सरळ" हा मित्रांचा आवडता सल्ला. नातं तोडताना आणि तोडल्यानंतर धोका बऱ्याचदा वाढतो, म्हणून सोडायचं ते ठरवून: कुणाला सांगून, कुठे, जाता-येता सोबत कोण. एकाच रात्री सगळीकडून ब्लॉक करणं कधी उपयोगी पडतं, कधी समोरच्याला थेट दारात आणतं. हा निर्णय मोठ्या जाणत्या माणसाबरोबर बसून घ्यायचा.

मित्रांसाठी स्वतंत्र दहा मिनिटं राखून ठेवा. मुलं मोठ्यांच्या आधी एकमेकांशी बोलतात. त्यांना दोन वाक्यं द्या: "तू सांगितलंस ते बरं केलंस," आणि "आपण दोघं मिळून अमुक मॅडमकडे जाऊ." त्रास देणाऱ्या मुलाला गाठून चोप द्यायचा बेत कुणीतरी मांडतंच. त्याचा राग नंतर कुणावर निघतो, हे विचारा.

आणि हो, त्रास देणाराही त्याच वर्गात बसलेला असतो, कधीकधी शेजारच्याच बाकावर. त्याच्यासाठीही दोन वाक्यं ठेवा: "यातलं काही आपण करतोय असं वाटलं, तर थांबता येतं. त्यासाठीही याच माणसाकडे जाता येतं." राक्षस रंगवलात, तर कुणालाच त्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही.

मजकुरातून काढून टाका : जखमांचे फोटो; मारहाणीचं बारीकसारीक वर्णन; "ती राहिली तरी का?" हा प्रश्न, "आजकालची पिढी" या शब्दांनी सुरू होणारं काहीही, आणि मुलांनी प्रेमात पडावं की पडू नये यावरचं तुमचं मत. शेवटचं ऐकलं की संकटात सापडलेलं मूल ठरवतं, यांना सांगितलं तर आधी प्रेमाबद्दलच ऐकून घ्यावं लागेल.

## टप्पा ६ : तालीम

दोनदा करा. एकदा घड्याळ लावून; पाऊण तासाच्या सत्रात तुमचं बोलणं पंचवीस मिनिटांवर जाता कामा नये. दुसऱ्यांदा संस्थेतल्या समुपदेशकाला समोर बसवून, आणि या वेळी भाषणाची नाही, शेवटच्या दहा मिनिटांची. त्यांना मूल व्हायला सांगा आणि वाट्टेल ते बोलायला सांगा. पहिल्यांदा तुम्ही नक्की अडखळाल. तिथे अडखळलेलं बरं.

## टप्पा ७ : प्रत्यक्ष दिवस

अर्धा तास आधी पोचा. खोली पाहा, किल्ली फिरवून पाहा, जबाबदार व्यक्तीला भेटा. फोन नव्हे, भेटच, कारण मुलांसमोर बोट दाखवून "या मॅडम" किंवा "हे सर" म्हणता आलं पाहिजे.

सुरुवातीला तीन गोष्टी सांगा: विषय काय आहे, कुणालाही, कधीही, न विचारता बाहेर जाता येईल, आणि इथे सगळ्यांसमोर स्वतःची किंवा दुसऱ्याची गोष्ट सांगायची नाही, त्यासाठी वेगळी जागा आहे. हे सांगितलं नाही, तर एखादं मूल भारावून पन्नास जणांसमोर सगळं बोलून जातं आणि मधल्या सुट्टीपर्यंत ती बातमी झालेली असते. तरीही कुणी बोलू लागलंच, तर मध्येच हळुवारपणे थांबवा: "हे महत्त्वाचं आहे, मला नीट ऐकायचंय. संपल्यावर आपण बोलू."

"कोण कोण रिलेशनशिपमध्ये आहे, हात वर करा" हे कधीही नको. मुलांना हसवायलासुद्धा नको.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, पण रीत नीट पाळा. सगळ्यांना सारखा कागद, सारखं पेन. प्रश्न नसेल त्याने "प्रश्न नाही" असं लिहायचं, म्हणजे लिहिणारा हात उठून दिसत नाही. घडी घालून डब्यात. डबा तुम्हीच उघडायचा, कारण शिक्षकांना अक्षर ओळखता येतं. वाचताना प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगा. घड्या घालून घालून नखाएवढी झालेली चिठ्ठी आधी उघडा. माझ्या अनुभवात खरा प्रश्न बहुतेक तिथेच असतो.

तपासा : एखाद्या चिठ्ठीत आत्ताच्या धोक्याचा उल्लेख असेल, तर ती मोठ्याने वाचू नका. "एका चिठ्ठीचं उत्तर मला समोरासमोर द्यायचंय, मी अमुक खोलीत अर्धा तास आहे," एवढंच सांगा आणि चिठ्ठी जबाबदार व्यक्तीकडे द्या.

## टप्पा ८ : "एक विचारू?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या २०११च्या मार्गदर्शिकेत तीन क्रिया सांगितल्या आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. स्वयंसेवकाला इतकंच करायचं असतं. चौकशी, निवाडा, समझोता यातलं काहीही तुमचं काम नाही.

मूल बोलायला लागायच्या *आधी* हे वाक्य म्हणा: "तू सांगशील ते मी उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुला किंवा कुणाला धोका आहे असं वाटलं, तर मदत करू शकणाऱ्या एका माणसाला सांगावं लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करीन." काही मुलं हे ऐकून परत जातात. जाऊ द्या. क्रमांक त्यांच्याकडे आहे, आणि तुम्ही खोटं बोलला नाहीत हे त्यांच्या लक्षात राहतं.

खोलीचं दार लोटलेलं ठेवा, पण बाहेरून कुणाला तरी दिसाल असे बसा. मग ऐका. "सांगितलंस ते बरं केलंस", "यात तुझी चूक नाही", "माझा विश्वास आहे" ही तीन वाक्यं पुरतात. "का?"ने सुरू होणारे प्रश्न टाळा. तपशील उकरू नका. नंतर कदाचित पोलीस आणि डॉक्टरही विचारतील, आणि दरवेळी सांगताना मूल ते पुन्हा भोगतं. एकच गोष्ट जरूर विचारा: "आज घरी जायला सुरक्षित वाटतंय का?"

गळा दाबला, हत्यार दाखवलं, जिवे मारण्याची धमकी दिली, पाठलाग चालू आहे, मूल स्वतः जीव देण्याचं बोलतंय: यातलं काहीही कानावर आलं तर मूल एकटं बाहेर पडता कामा नये. गळा दाबण्याला मुलं "मस्करीत केलं" म्हणतात, अंगावर बऱ्याचदा खूणही नसते. तरी ते सगळ्यात गंभीर धोक्याच्या खुणांपैकी एक आहे आणि डॉक्टरांनी तपासायलाच हवं.

इशारा : मूल पुरावा म्हणून स्वतःचे किंवा दुसऱ्याचे खासगी फोटो दाखवू लागलं तर पाहू नका, स्वतःच्या फोनवर तर मुळीच घेऊ नका. अल्पवयीन मुलांचे असे फोटो जवळ ठेवणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. फोन तसाच ठेवायला सांगा आणि जबाबदार व्यक्तीला कळवा.

मग उठा आणि मुलाला *सोबत घेऊन* त्या व्यक्तीपर्यंत चालत जा. "तिसऱ्या मजल्यावर त्या मॅडम बसतात" असं सांगून पाठवलेली मुलं जिन्यातच वळतात. मुलाच्या समोर, त्याला विचारून, दोन वाक्यांत सांगा. पुन्हा सगळं त्याच्याकडून वदवून घेऊ नका.

स्वतःचा नंबर देऊ नका. मनातून फार वाटतं, मलाही वाटलं आहे. पण रात्री दोन वाजता आलेला मेसेज तुम्ही सकाळी पाहिलात, तर काय?

## टप्पा ९ : नंतर

त्याच दिवशी, संस्थेच्या ठरलेल्या नमुन्यात नोंद करा: मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, वेळ, कुणाकडे सोपवलं. स्वतःचे अंदाज त्यात नकोत. उरलेल्या चिठ्ठ्यांचे विषय लिहून घ्या आणि चिठ्ठ्या फाडून टाका. मुलांच्या हाती किंवा शाळेच्या केरात जाऊ देऊ नका. धोक्याचा उल्लेख असलेली चिठ्ठी मात्र जबाबदार व्यक्तीकडेच राहू द्या.

घरी गेल्यावर ती गोष्ट नाव न घेताही कुणाला सांगत बसू नका, स्टेटसला तर नाहीच. डोक्यातून जात नसेल तर तुमच्या संस्थेतला समुपदेशक त्यासाठीच आहे.

दोन आठवड्यांनी बोलावणाऱ्या संस्थेला फोन करा. किती मुलं आवडलं म्हणाली, हे विचारू नका. विचारा: नंतर कुणी मदत मागायला आलं का, शिक्षकांना कुठे अडलं, पुढचं सत्र कधी. तिसऱ्या प्रश्नावर समोरून "बघू" असं आलं, तर फोन ठेवण्याआधी तारीख मागून घ्या.